हाडांच्या वॉर्डातली नात

मुंगीचा बाप रंगारी होता. एका उंच इमारतीला बाहेरून रंग देताना परांचीवरून त्याचा तोल गेला. सोबतच्या रंगाऱ्यांनी त्याला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात आणलं. पहिले काही दिवस बायको डबा घेऊन येत होती, त्याचे कपडे बदलत होती, डॉक्टर दिसला की त्याच्या मागे मागे जात होती. मग एके सकाळी ती मुलीला म्हणाली, "तू बाबांजवळ बस. पाणी मागितलं तर चमच्यानं दे, भसकन ओतू नकोस. मी कामावर जाऊन येते."

मुलगी बसली. तिचं खरं नाव वेगळं होतं. पण चणीनं बारीक, आणि सदा काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून बाप तिला मुंगी म्हणायचा. त्याची हाक ऐकून वॉर्डातले सगळेच तिला मुंगी म्हणायला लागले.

आई संध्याकाळी आली, दुसऱ्या दिवशीही आली. नंतर एक दिवसाआड यायला लागली आणि मग येईनाशी झाली. बाप डोळे उघडून विचारायचा, "आई आली होती का गं?"

"तुम्ही झोपला होतात तेव्हा येऊन गेली," मुंगी सांगायची. खोटं बोलायला ती तिथे शिकली.

बाप एका दुपारी गेला. मुंगी खाली पाणी भरायला गेली होती. वर आली तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. रंगारी आले, जे करायचं ते त्यांनी केलं आणि त्यांच्यातल्या एकानं तिला तिच्या गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं. त्यालाही कामावर परतायचं होतं. मुंगी घरापाशी गेली, तर दाराला दुसरंच कुलूप. घरमालकीण बाहेर कपडे वाळत घालत होती.

"अगं, तुझी आई खोली सोडून गेली की," ती म्हणाली. "तुला घेऊनच गेली असेल असं आम्ही धरून चाललो होतो." मग तिनं मुंगीकडे नीट पाहिलं, हातातला टॉवेल तसाच पिळत राहिली आणि म्हणाली, "थांब. चहा घेतेस?"

मुंगीनं चहा घेतला, त्याबरोबर पाव खाल्ला. कप विसळून पालथा घातला आणि चालत चालत ती पुन्हा दवाखान्यात आली. तिचं गणित साधं होतं. आईला दोन जागा माहीत होत्या, एक खोली आणि एक दवाखाना. खोली तर सुटली. म्हणजे आई शोधायला निघाली, तर दवाखान्यातच येणार.

एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक बारीकशी पोरगी खपून जाते. प्रत्येकाला वाटतं, ही शेजारच्या खाटेवाल्यांची असेल. मुंगी नातेवाइकांसाठी फाटकाबाहेरून चहा आणायची, औषधाच्या रांगेत त्यांचा नंबर धरायची, तपासणीच्या बाटल्या तळमजल्यावर पोचवायची, एक्स-रेची खोली न सापडणाऱ्या म्हाताऱ्यांना हात धरून तिथवर न्यायची. कोणी सुटे पैसे द्यायचं, कोणी उरलेला भात. ज्याचं उद्या ऑपरेशन असतं त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, हे तिला लवकरच कळलं. अशा माणसाच्या खाटेशी ती जेवणाच्या वेळी जाऊन उभी राहायची. मागायची नाही. पाण्याची बाटली भरून ठेवायची, उशी सरळ करायची. बहुतेक जण ताट पुढे सरकवायचे.

झोपायला तिनं धुण्याच्या बोचक्यांमागची जागा शोधली होती. चादरींना औषधाचा उग्र वास यायचा, पण ऊब असायची. एकदा तिला ताप भरला. बाहेरच्या पेशंटच्या हॉलमध्ये ती बाकाखाली अंगाचं मुटकुळं करून पडून राहिली. वरून दिवसभर डॉक्टरांचे बूट जात-येत होते. पण तिच्या नावाचा केसपेपर नव्हता, आणि तो काढायला मोठं माणूस लागतं. ताप आपोआप उतरला. उठली तेव्हा इतकी भूक लागली होती की कचऱ्याच्या डब्यातला अर्धा पाव तिनं इकडेतिकडे न बघता खाल्ला.

अडचण होती ती वॉचमनची. भेटीची वेळ संपली की तो सगळ्यांना बाहेर काढायचा. एका खाटेमागे एकच नातेवाईक, असा नियम होता. "कोणाकडची गं तू?" तो विचारायचा, आणि मुंगी एखाद्या खाटेचा नंबर सांगायची. त्याला कळत नव्हतं असं नाही. पण त्यानं विचारलं आणि उत्तर मिळालं, की त्याचं काम संपत असे.

असं वर्षाहून जास्त गेल्यावर टेलरबाईची गाठ पडली ती अशाच एका उत्तरामुळे. बायकांच्या हाडांच्या वॉर्डात एका म्हातारीला आणलं होतं; ती शिवणकाम करायची, म्हणून सगळे तिला टेलरबाई म्हणत. दुकानातल्या वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना ती स्टुलावरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, पाय वजन लावून टांगलेला होता आणि जवळ कोणीच नव्हतं. सिस्टर वैतागून वॉर्डभर विचारत होत्या, "या आजींबरोबर कोण आहे? लघवीचं भांडं कोण देणार यांना? मी एकटी कुठे कुठे पुरू?"

मुंगी शेजारच्या खाटेला चहा द्यायला आली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मी आहे."

"तू कोण?"

"नात."

म्हातारीनं डोळे उघडले. मुंगीला तिनं पायापासून डोक्यापर्यंत असं पाहिलं, जसं काही माप घेतेय. मग म्हणाली, "किती उशीर केलास. केव्हाची वाट बघतेय."

सिस्टर गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "कोणाची गं तू?"

"कोणाची नाही."

"बरं. मग तो माझा कंगवा कुठे पडलाय बघ. आणि ते भांडं आण आधी. कंगव्याचं नंतर बघू."

इतकंच. पुढे त्याबद्दल दोघींनी काही ठरवलं नाही. मुंगी त्या खाटेखाली चटई टाकून राजरोस झोपायला लागली. सकाळी टेलरबाईचं तोंड धुवायची, भांडं द्यायची, पाठीला पावडर लावायची. जेवणाचं ताट आलं की टेलरबाई बरोबर मधोमध बोटानं रेघ ओढायची. "ही तुझी बाजू. माझ्या हद्दीत शिरू नकोस." आणि मग आपल्या बाजूचाही भात तिच्याकडे लोटायची. "कसला गिळगिळीत शिजवलाय, माझ्यानं नाही खाववत."

टेलरबाईची जीभ कात्रीसारखी चालायची. मोठे डॉक्टर तपासून गेले की ती म्हणायची, "त्याच्या कोटाची बाही बघितलीस? एक लांब, एक आखूड. ज्यानं शिवला तो हातात सापडला पाहिजे माझ्या. आणि हा माणूस माझे दोन पाय सारखे करणार म्हणे." अख्खा वॉर्ड हसायचा. पाय न हलवता हसता येतं हे तिथल्या बायकांना टेलरबाईमुळे कळलं.

मुंगीच्या डोक्यात तिनं पहिल्यांदा हात घातला तेव्हा म्हणाली, "शाळा भरवलीयस की काय इथे?" आणि पुढचे कित्येक दिवस दुपारी ती मुंगीला खाटेला टेकून बसवायची आणि एकेक ऊ वेचायची. मुंगीचा फ्रॉक काखेत इतका घट्ट झाला होता की हात वर केला की टाके उसवायचे. टेलरबाईनं सिस्टरकडून सुई-दोरा मागून घेतला, आपल्या उशीच्या अभ्र्याची पट्टी फाडली आणि दोन्ही बाजूंनी ती फ्रॉकला जोडून दिली. पडल्या पडल्या शिवलेले ते टाके, पण मशीनवर घातल्यासारखे सरळ.

मुंगी सुरुवातीला तिला अहो-जाहो करायची. कधीतरी "आजी, तू जेव ना गं" असं म्हणून गेली. टेलरबाईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि जेवली.

एके दिवशी टेलरबाईनं विचारलं, "बाहेर कुठे जायचं मनात येत नाही का तुझ्या? ही काय राहण्याची जागा आहे?"

"आई आली आणि मी नसले तर?" मुंगी म्हणाली. मग तिनं बापाचं, कुलपाचं, घरमालकिणीचं सगळं सांगितलं. टेलरबाई ऐकत राहिली. मग "येईल हो," म्हणाली, पण मुंगीकडे न बघता, दातानं दोरा तोडत.

आई आली. पण ती मुंगीला शोधत आली नव्हती.

तो लहान मुलांना लस टोचायचा दिवस होता. तळमजल्याच्या बोळात बायका पोरं मांडीवर घेऊन बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. मुंगी एक बाटली घेऊन तपासणीच्या खिडकीकडे चालली होती. गर्दीत तिला एक पाठ दिसली. उजवा खांदा किंचित उतरलेला, तोच. ती समोर जाऊन उभी राहिली.

"आई."

आईनं वर पाहिलं. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. तिचा हात आधी बाळाच्या तोंडावर गेला, ऊन लागू नये म्हणून झाकावं तसा. तिथे ऊन नव्हतं.

"तू? इथे?"

"बाबा गेले."

"कळलं मला." आईनं आवाज खाली घेतला. "त्यांच्यातला एक रंगारी भेटला होता." मग ती म्हणाली, "मोठी झालीस गं. कोणाजवळ असतेस?"

मुंगीनं कितीतरी दिवस मनात काय काय जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. तोंडातून आलं, "आजीजवळ."

आईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला, तो मुंगीला दिसला. कुठली आजी, हे तिनं विचारलं नाही. दोन्हीकडच्या आज्या मुंगीच्या जन्माआधीच गेलेल्या होत्या, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"बरं झालं," आई म्हणाली. "हे बघ, हे औषध आणायला गेलेत. त्यांना तुझं माहीत नाही. सांगायचं होतं मला, खरंच. पण आज सांगू, उद्या सांगू, करता करता राहून गेलं."

बाळानं हात बाहेर काढला होता. मुंगीनं बोट पुढे केलं, ते त्यानं मुठीत धरलं.

"बहीण का?"

"भाऊ." आईनं पिशवीत हात घालून बिस्किटांचा पुडा काढला आणि तिच्या हातात कोंबला. "आता जा बाई. येतील ते."

मुंगीनं मुठीतून बोट सोडवून घेतलं. जिन्याच्या वळणावरून तिनं एकदा खाली पाहिलं. आई बाळाच्या ओठांवरची लाळ पुसत होती.

वॉर्डात येऊन तिनं पुडा टेलरबाईच्या उशाशी ठेवला आणि ती खाटेखाली जाऊन बसली.

"बाटली दिलीस का खिडकीवर?" टेलरबाईनं वरून विचारलं.

बाटली तिच्या दुसऱ्या हातात तशीच होती.

टेलरबाईनं एकेक प्रश्न विचारून तिच्याकडून सगळं काढून घेतलं. तिला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं नुसता हात खाटेवरून खाली सोडला. मुंगीनं तो धरला नाही, पण आपलं डोकं त्याच्याजवळ नेलं. त्या संध्याकाळी टेलरबाईनं डॉक्टरांच्या बाहीवर विनोद केला नाही.

दोन दिवसांनी मुंगी म्हणाली, "आता मला इथे थांबायची गरज नाही ना. तू घरी जाशील तेव्हा मी येऊ तुझ्याबरोबर? मी काजं-बटणं करीन."

"बघू," टेलरबाई म्हणाली. मुंगीनं ते 'हो' असंच ऐकलं.

पायाला लावलेलं वजन काढलं गेलं. टेलरबाई वॉकर धरून उभी राहायला लागली. मुंगी तिच्या पुढे उलटी चालत "अजून एक, अजून एक" म्हणायची. मग टेलरबाईचा मुलगा आला. तो दुसऱ्या शहरात मालाची गाडी चालवायचा. निरोप त्याला उशिरा मिळाला होता, आणि मिळाल्यावरही सुट्टी मिळायला वेळ लागला होता. दमलेला, डोळे तांबारलेले, आईच्या पायाशी उभा राहून तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मला कळवायचं नाहीस का लगेच?" दुकानाची जागा त्यानं मालकाला परत देऊन टाकली होती. आईला आपल्या घरी न्यायचं, हे ठरवूनच तो आला होता.

मुंगी त्याच्यासाठी चहा घेऊन आली तेव्हा टेलरबाई त्याला विचारत होती, "हिला बरोबर घेऊ या का? खायला फार लागत नाही तिला."

मुलानं मुंगीकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, असलाच तर थकवा होता. "आई, आम्ही चार माणसं एका खोलीत. तुझी खाट कुठे लावायची तेच अजून ठरत नाहीये. आणि उद्या कोणी विचारलं, ही कोणाची पोर उचलून आणली म्हणून, तर मी काय सांगू?"

टेलरबाईनं पुन्हा विचारलं नाही. मुंगीनं चहाचा कप त्याच्या हातात दिला. पूर्ण भरलेला होता, एक थेंब सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या समाजसेविका वॉर्डात आल्या. टेलरबाईनं त्यांना हाक मारली. "बाई, जरा इकडे या. ही मुलगी माझी नात नाही."

मुंगी बादलीत गरम पाणी घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली.

"माझी कोणी नाही ती," टेलरबाई स्वच्छ आवाजात सांगत होती. "बाप इथेच वारला. आईनं टाकलंय, आणि ती परत यायची नाही. मी परवा जाणार. मी जायच्या आत हिला रीतसर कुठेतरी ठेवा, जिथे दोन वेळचं खायला मिळेल आणि शाळा असेल."

"आजी," मुंगी म्हणाली, "खोटं का बोलतेस?"

"आता खरं बोलतेय. इतके दिवस बोलले ते खोटं होतं." टेलरबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. चादरीची घडी ती बोटांनी सपाट करत राहिली, जशी कापड बेतण्याआधी करतात.

मुंगीनं बादली खाली ठेवली आणि ती पळाली. जिना, बोळ, बाहेरचं अंगण. समाजसेविका मागून ओरडत होत्या; फाटकाशी वॉचमननं तिला पकडलं. फ्रॉकची जोडलेली पट्टी एका बाजूनं टर्रकन उसवली. ती हात-पाय झाडत होती, चावत होती. त्यानं चावू दिलं.

"जा गं पोरी," तो म्हणत होता. "आश्रमात जेवायला असतं. जा."

मुलींच्या आश्रमात लांबलचक खोलीत ओळीनं खाटा होत्या. तिथे तिचे केस कापून टाकले, तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायला लागले, शाळेत घातलं. जेवण खरोखरच दोन वेळचं होतं. तरी मुंगी पाव चोरून उशीखाली ठेवायची, आणि सकाळी तो वाळलेला असला तरी आधी तो खाऊन मग ताज्या नाश्त्याला बसायची. आश्रमाच्या मोठ्या बाईंनी एकदा ते पाहिलं आणि काही न बोलता उशी परत जागेवर ठेवली. मुंगी कोणाशी फारशी बोलायची नाही. भांडणं झाली तर मारायची, पण रडायची नाही.

भेटीच्या एका दिवशी टेलरबाई आली. दुसऱ्या शहरातून बसनं, वॉकर घेऊन, मुलगा फाटकापर्यंत सोडून गेलेला. मोठ्या बाईंनी हाका मारल्या. मुंगी वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात जाऊन पाण्याच्या टाकीमागे बसली. खाली अंगणातल्या बाकावर टेलरबाई बसून राहिली. मशीनच्या खडखडाटातही ऐकू जाईल असं बोलायची सवय असलेला तिचा गळा. तिचं बोलणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

"नसेल यायचं तर राहू द्या, ओढून आणू नका," ती मोठ्या बाईंना सांगत होती. "मी नुसती बघायला आले होते, उंच झालीय का ते. जेवते ना नीट? भातात तिला मीठ जास्त लागतं. आणि ओरडू नका तिच्यावर, ओरडलं की ती अजून चिवट होते." मग पुन्हा, थोडं आणखी मोठ्यानं, "मी रागावलेली नाही म्हणावं."

मुंगी मनात म्हणाली, मी रागावलेय.

टेलरबाई निघाली. मुंगीनं न्हाणीघराच्या झरोक्यातून पाहिलं. आधी वॉकर पुढे, मग चांगला पाय, मग दुसरा. फाटकापर्यंतचं अंगण ओलांडायला तिला इतका वेळ लागला की मुंगीनं मनात आणलं असतं तर जिना उतरून तिला सहज गाठू शकली असती. ती झरोक्याशी उभी राहिली.

पुढच्या भेटीच्या दिवशी मात्र ती तोंड धुऊन फाटकाशी उभी होती. काय काय सुनवायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. टाकून कशाला दिलंस, आणि दिलंस तर आलीस कशाला, आणि आलीस तर वर का नाही आलीस. मग कदाचित तिला बाकावर बसवून पाणी आणून दिलं असतं. त्या दिवशी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही.

मग एका मधल्याच वारी, शाळा सुटल्यावर, टेलरबाईचा मुलगा आला. त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

"आई गेली," तो म्हणाला. "तुला सांगायला सांगून ठेवलं होतं तिनं. म्हणजे आधीच, बरी होती तेव्हा. मला यायला उशीर झाला."

मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. "जवळ कोण होतं?"

"मी गाडीवर होतो. बायको बाजारात. पोरं शाळेत." त्याची नजर टोपीवर होती. "तासाभराचीच तर गोष्ट होती. सकाळी चांगली बोलत होती."

"कोणीच नव्हतं?"

"नाही."

"मला बोलवायचं होतंत," मुंगी म्हणाली. "मी बसले असते. मला सवय आहे."

तो म्हणाला, "चुकलंच. तेव्हा तुला नेलं असतं तर..." वाक्य त्यानं तिथेच सोडलं. तुला काही हवंय का, असं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तो गेला.

मोठ्या बाई ओसरीवर धान्य निवडत होत्या. "कोण गं ते?"

"आजीचा मुलगा. आजी वारली."

"त्या वॉकरवाल्या? तुझ्या सख्ख्या आजी होत्या का त्या?"

"हो," मुंगी म्हणाली.

मोठ्या बाईंनी तिला त्या दिवशी भांडी घासण्यातून सुट्टी दिली. ती आपल्या खाटेवर जाऊन बसली. इतर मुली दबक्या आवाजात बोलत होत्या, तिच्या बाजूला येत नव्हत्या. मोकळ्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. मग ती उठली आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीला, जिच्या डोक्यात खूप गुंता झाला होता, पुढ्यात घेऊन तिचे केस सोडवत बसली.